फ्लाइट इन्स्ट्रक्टरच्या हातात महिन्याला नेमके किती पैसे पडतात?

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ झाला नाही किंवा ज्यांना आकडे डोळ्यांनी बघायचेत, त्यांच्यासाठी. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आपल्या डोक्यावरचा आहे, अगदी शब्दशः. कळसमध्ये सकाळी उसाला दारं धरायला गेलं आणि वर बघितलं, की एखादं छोटं विमान घिरट्या घालताना दिसतं. बारामतीच्या धावपट्टीवरून उडालेलं ट्रेनिंगचं विमान. त्यात दोन माणसं असतात. एक शिकणारा, तो पैसे भरतो. दुसरा शिकवणारा, त्याला पैसे मिळतात. शिकणाऱ्याला किती खर्च येतो यावर सगळीकडे चर्चा होते. शिकवणाऱ्याला किती मिळतात, हे फारसं कुणी नीट सांगत नाही. आज तेच बघू.

मी काही पायलट नाही. सॉफ्टवेअरवाला आहे. पण माझ्या मामाच्या मुलानं बारावीनंतर हा विषय घरात काढला आणि 'दादा, एअरलाइन नाही मिळाली तर इन्स्ट्रक्टर होईन की, त्यात काय' असं म्हणाला. त्या 'त्यात काय'चा हिशोब करायला मी शीट उघडलं. हा भाग त्या शीटचा आहे.

आधी शिडी समजून घ्या

भारतात विमान चालवून पैसे कमवायचे तर कमर्शियल पायलट लायसन्स लागतं, म्हणजे सीपीएल. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स, वय किमान १८, मेडिकल, डीजीसीएच्या लेखी परीक्षा आणि २०० तासांचं उड्डाण. या २०० पैकी १०० तास तुम्ही स्वतः 'पायलट इन कमांड' म्हणून उडवलेले असावे लागतात. हा १०० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या सगळ्याला भारतात ढोबळमानानं ४५ ते ६० लाख रुपये लागतात. विमान लवकर मिळालं, हवामान बरं राहिलं तर कमी. लांबलं तर जास्त, कारण राहणं-खाणंही वाढतं.

सीपीएल हातात आलं म्हणजे शिकवता येतं असं नाही. शिकवण्याचं वेगळं रेटिंग घ्यावं लागतं. पहिली पायरी असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर. याला सगळे एएफआय म्हणतात. हा सीनिअरच्या देखरेखीखाली शिकवतो. अनुभवाचे तास भरले, परीक्षा झाल्या, की फ्लाइट इन्स्ट्रक्टर, म्हणजे एफआय. त्याच्या वर डेप्युटी चीफ आणि सगळ्यात वर चीफ फ्लाइट इन्स्ट्रक्टर, म्हणजे सीएफआय. स्कूलच्या उडण्याची सगळी जबाबदारी या सीएफआयच्या मानेवर.

एएफआयचं रेटिंग फुकट होत नाही. त्यासाठी पुन्हा विमानात तास घालवावे लागतात आणि तेही विकत. म्हणजे ४५-६० लाखांच्या वर अजून काही लाख. घरच्या चर्चेत हा खर्च हमखास विसरला जातो.

आता आकडा

ढोबळ पट्टा सांगतो. एएफआयला महिन्याला साधारण ७० हजार ते दीड लाख. एफआयला दीड ते तीन लाख. सीएफआयला तीन लाखांच्या पुढे, आणि मोठ्या स्कूलमध्ये पाच-सहा लाखांपर्यंतही.

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग, भाग संपला. पण ऊस घालणाऱ्या माणसाला माहीत असतं, की कारखान्यानं जाहीर केलेला भाव वेगळा आणि खात्यावर आलेले पैसे वेगळे. तोडणी, वाहतूक, सोसायटीची वसुली, सगळं वजा होऊन काय उरलं ते खरं. इन्स्ट्रक्टरच्या पगाराचं अगदी तसंच आहे. वरचे आकडे हा जाहीर भाव. आपण खात्यावर काय येतं ते बघू.

पगार दोन तुकड्यांत असतो

बऱ्याच ठिकाणी पगाराचे दोन भाग असतात. एक ठरलेला, दर महिन्याला मिळणारा. दुसरा तासावर. जितके तास उडवले तितके पैसे. काही ठिकाणी ठरलेला भाग मोठा आणि तासाचा दर छोटा. काही ठिकाणी उलट. एवढं कळलं की 'पगार किती' या प्रश्नाला एक आकडा का देता येत नाही, ते समजतं. खरा प्रश्न असतो, महिन्याला तास किती मिळतात?

आणि तास म्हणजे लॉगबुकात लिहिला जाणारा तास. इन्स्ट्रक्टर सकाळी उजाडायच्या आत हजर असतो. आधी हवामान बघायचं. मग विद्यार्थ्याला ब्रीफिंग, म्हणजे आज काय करायचं, काय चुकू शकतं. विमानाची बाहेरून तपासणी, तेल, इंधन, टायर. मग उड्डाण. खाली आल्यावर डीब्रीफिंग, म्हणजे काय चुकलं, पुढच्या वेळी काय बघायचं. मग नोंदी. एका तासाच्या उड्डाणामागे दोन तास सहज जातात. पैसे एका तासाचेच.

कायद्यानं वरची मर्यादाही आहे. भारतात पायलटला सलग ३० दिवसांत १२५ तासांपेक्षा जास्त उडता येत नाही. पण छोट्या ट्रेनिंग विमानावरचा इन्स्ट्रक्टर त्या मर्यादेच्या खूप आधी थकतो. पंख्याचा आवाज, एसी नाही, उन्हाळ्यात दुपारी विमान खड्ड्यातल्या एसटीसारखं उडतं, आणि शेजारी बसलेलं पोरगं पंधराव्यांदा लँडिंग चुकवतंय. एअरलाइनचा एक तास आणि इथला एक तास, वजनात सारखे नाहीत.

एका वर्षाचा हिशोब

चला, शीट उघडू. हे आकडे मी हिशोबासाठी धरलेत, कुठल्याही एका स्कूलचे नाहीत. तुम्ही तुमचे टाका.

समजा, एक एएफआय आहे. ठरलेला पगार ६० हजार. तासाला १,००० रुपये. पावसाळ्याचे ४ महिने सोडले तर ८ महिने त्याला महिन्याला ६५ तास मिळतात. पावसाळ्यात २५.

८ गुणिले ६५ म्हणजे ५२०. ४ गुणिले २५ म्हणजे १००. वर्षाचे ६२० तास.

ठरलेला पगार वर्षाचा ७ लाख २० हजार. तासाचे ६ लाख २० हजार. एकूण १३ लाख ४० हजार. महिन्याची सरासरी १ लाख ११ हजारांच्या आसपास. टॅक्स वगैरे अजून कापलेला नाही.

आता हाच माणूस जाहिरात बघताना कुठला महिना डोक्यात धरतो? ६५ तासांचा. त्या महिन्यात १ लाख २५ हजार येतात. पण जुलैमध्ये येतात ८५ हजार. महिन्यात ४० हजारांचा फरक आणि बँकेचा हप्ता मात्र दोन्ही महिन्यांत तेवढाच.

हाच माणूस पुढे एफआय झाला. समजा ठरलेला पगार १ लाख २० हजार, तासाला १,५००. तास तेवढेच, ६२०. वर्षाचे १४ लाख ४० हजार अधिक ९ लाख ३० हजार, म्हणजे २३ लाख ७० हजार. सरासरी पावणेदोन लाखांच्या वर, दोन लाखांच्या थोडी खाली. हे उत्पन्न चांगलंच आहे, त्यात वाद नाही. फक्त तिथवर पोचायला मधली वर्षं काढावी लागतात.

आता तो १०० चा आकडा. विद्यार्थी २०० तास उडतो, पण त्यातले १०० त्यानं स्वतः कमांडमध्ये उडवायचे असतात. म्हणजे इन्स्ट्रक्टर शेजारी बसलाय असे तास साधारण १००. वर्षाला ६२० तास हवे असतील तर सहा विद्यार्थ्यांचं अख्खं ट्रेनिंग एकट्या इन्स्ट्रक्टरच्या वाट्याला यायला हवं. स्कूलमध्ये इन्स्ट्रक्टर जास्त आणि विद्यार्थी कमी झाले, किंवा विद्यार्थी भरपूर पण उडण्याजोगी विमानं कमी, तर तास विभागले जातात. विद्यार्थी सोलो उडत असताना इन्स्ट्रक्टर खाली उभा राहून आकाशाकडे बघत असतो, जीव टांगणीला. तो तास काही ठिकाणी मोजला जातो, काही ठिकाणी नाही. हे आधीच विचारून घ्यायचं.

विद्यार्थ्याचे पैसे मग जातात कुठे?

हा प्रश्न मामानं विचारला होता. '२०० तासांना ५० लाख, म्हणजे तासाला पंचवीस हजार. मग शिकवणाऱ्याला हजारच का?'

बरोबर प्रश्न आहे. त्या पंचवीस हजारांत सगळंच उडणं नाही. लेखी वर्ग, सिम्युलेटर, परीक्षा, राहणं हेही असतं. उरलेल्यात मोठा वाटा विमानाचा. सेसना १७२ तासाला तीसेक लिटर इंधन पिते, आणि ते इंधन आपल्या पंपावरचं पेट्रोल नव्हे. ॲव्हगॅस म्हणून वेगळं असतं. २०२२ पर्यंत ते आयात व्हायचं. त्या वर्षी इंडियन ऑइलनं ते देशात बनवायला सुरुवात केली. मग दर ५० आणि १०० तासांनी विमानाची तपासणी, ठरावीक तासांनंतर अख्खं इंजिन उघडून ओव्हरहॉल, विमा, धावपट्टीचं भाडं, मेंटेनन्स इंजिनिअरचा पगार. या सगळ्यांच्या रांगेत इन्स्ट्रक्टर उभा असतो. तो महत्त्वाचा नाही म्हणून त्याला कमी मिळत नाही. नव्या एएफआयच्या जागी दुसरा एएफआय मिळतो, म्हणून कमी मिळतं. सीएफआयच्या जागी दुसरा सहज मिळत नाही, म्हणून त्याला जास्त.

तेच दोन लाख, तीन माणसं

ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवणारी माणसं साधारण तीन प्रकारची असतात.

पहिला, हवाई दलातून निवृत्त झालेला. चेन्नईजवळ तांबरमला हवाई दलाचं इन्स्ट्रक्टर घडवणारं स्कूल आहे. तिथून शिकवायला शिकलेला, हजारो तासांचा माणूस. त्याला पेन्शन आहे. डोक्यावर पायलट ट्रेनिंगचं कर्ज नाही. त्याला दोन लाख म्हणजे वरकमाई.

दुसरा, ज्यानं शिकवणं हाच धंदा म्हणून निवडलाय. रोज संध्याकाळी घरी येतो, एअरलाइनसारखा चार दिवस बाहेर नाही. हळूहळू एफआय, डेप्युटी, सीएफआय. त्याचे पैसे वाढत जातात, पण सावकाश.

तिसरा, नुकतंच सीपीएल झालेला पोरगा किंवा पोरगी. एअरलाइनच्या भरतीची वाट बघतायत. तोवर लायसन्स गंजू नये, तास वाढावेत, हप्ता भरता यावा म्हणून एएफआय. यांना इन्स्ट्रक्टरची नोकरी म्हणजे एसटी स्टँडवरचं बाकडं. गाडी आली की उठायचं.

गाडी कधी येणार हे मात्र त्यांच्या हातात नाही. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली. मग कोरोना. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. दर वेळी हजारो तासांचे अनुभवी पायलट बाजारात आले आणि २०० तासांची पोरं रांगेत मागे गेली. अशा काळात बाकड्यावर गर्दी होते, आणि गर्दी झाली की बाकड्याचा भावही पडतो.

उलटंही होतं. २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची ऑर्डर दिली. त्याच वर्षी डीजीसीएनं १,६२२ सीपीएल दिली, आदल्या वर्षी १,१६५ होती. एअरलाइन भरती करायला लागल्या की इन्स्ट्रक्टर उठून जातात, स्कूलला माणसं मिळेनाशी होतात, आणि मग राहिलेल्यांचा भाव वाढतो. म्हणजे इन्स्ट्रक्टरचा पगार स्कूल एकटं ठरवत नाही. मुंबई-दिल्लीतली एअरलाइनची भरती तो ठरवते.

अमेरिकेचे व्हिडिओ बघून हिशोब करू नका

यूट्यूबवर या विषयावरचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथं गोष्ट वेगळी आहे, का ते सांगतो.

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं. त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३ पासून एअरलाइनमध्ये सह-वैमानिक व्हायलाही साधारण १,५०० तास लागायला लागले. डिग्री वगैरे असेल तर थोडी सूट. मग २५०-३०० तासांच्या पोरानं उरलेले हजार-बाराशे तास आणायचे कुठून? शिकवून. त्यामुळे तिथं इन्स्ट्रक्टर होणं ही जवळजवळ प्रत्येकाची पहिली नोकरी असते. तासाला ढोबळमानानं २५ ते ५० डॉलर, आणि बऱ्याच ठिकाणी ठरलेला पगार नाहीच. विमान उडालं नाही तर शून्य.

४० डॉलरनं ६० तास धरले तर २,४०० डॉलर. रुपयांत दोन लाखांच्या पुढे. इथं बसून ऐकायला भारी वाटतं. पण खोलीचं भाडं, गाडी, विमा तिथल्याच दरानं. तिथल्या पोरांचीही तक्रार असते की पुरत नाही.

आपल्याकडे कायद्यानं २०० तासांवर एअरलाइनमध्ये जाता येतं. वेगळं टाइप रेटिंग लागतं, त्याचे अजून १५-२० लाख, ते निराळं. पण १,५०० तासांची अट इथं सह-वैमानिकाला नाही, ती कॅप्टनच्या एटीपीएल लायसन्सला आहे. म्हणून इथं इन्स्ट्रक्टर होणं सक्तीचं नाही. ज्यांना थेट गाडी मिळते ते बाकड्यावर बसतच नाहीत. हा फरक कळला की डॉलरचे आकडे रुपयांत बदलून काही उपयोग नाही, हेही कळतं.

विमान थांबलं की मीटर थांबतं

आपला इंदापूर-बारामती पट्टा पर्जन्यछायेतला. कोकणासारखा धो धो पाऊस नाही. शेतीला जे दुखणं, ते उडायला बरं. पण पाऊस पडला नाही म्हणजे उडता येतं असं नाही. जून ते सप्टेंबर ढग खाली येतात आणि वारा सुटतो. डोळ्यांनी बघून उडायचं तर साधारण ५ किलोमीटर स्पष्ट दिसायला हवं. सेसना १५२ ला आडव्या वाऱ्याचा दाखवून दिलेला आकडा १२ नॉट आहे, म्हणजे तासाला २२ किलोमीटर. आषाढातलं वारं आठवा. मोठा माणूस उडवेल, पण शिकाऊ पोराला सोलो सोडता येत नाही.

दुसरं, विमान दुरुस्तीला गेलं, सुटा भाग बाहेरून यायचाय, की तीन-चार आठवडे बसून. पोस्टरवर १० विमानं असली तरी आज उडण्याजोगी किती, हाच आकडा खरा.

तिसरं, अपघात. २५ जुलै २०२२ ला आपल्याच तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात बारामतीहून उडालेलं ट्रेनिंगचं विमान कोसळलं. एकटी विद्यार्थिनी उडवत होती, जखमी झाली, पण वाचली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ १९ आणि २२ तारखेला, चार दिवसांत दोन ट्रेनिंग विमानं पडली. डीजीसीएनं त्या संस्थेचं ट्रेनिंग थांबवलं. सुरक्षेच्या दृष्टीनं ते बरोबरच. पण पगाराच्या बाजूनं बघा. ज्या इन्स्ट्रक्टरचा त्या अपघातांशी काही संबंध नाही, त्याचेही तास त्या दिवशी शून्यावर येतात. तासावर पैसे मिळणाऱ्या माणसाला हा धोका कायम.

आणि चौथं, स्वतःचं शरीर. मेडिकल वर्षातून निदान एकदा होतं. त्यात काही निघालं तर लायसन्स कपाटात. मी पाठ दुखत असली तरी लॅपटॉपवर काम करू शकतो, पायलट करू शकत नाही. म्हणून या धंद्यात 'लॉस ऑफ लायसन्स' नावाचा वेगळा विमा असतो. त्याचा हप्ताही याच पगारातून.

मामाचा सातबारा

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्या भागात पायलट व्हायचं तर बहुतेक घरांत एवढे पैसे रोख नसतात. मामा म्हणाला, 'आरं, कर्ज काढायचं म्हणजे शेवटी काहीतरी तारण ठेवायचंच. आपल्याकडं रानाशिवाय दुसरं काय हाय?'

तर हिशोब करू. समजा ४० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, १० वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ५५ हजार. १० वर्षांत बँकेला ६६ लाख जातात.

मघाचा एएफआय आठवा. चांगल्या महिन्यात १ लाख २५ हजार. हप्ता जाऊन ७० हजार उरतात. बारामतीत खोली, जेवण, गाडी यात निभतं, थोडं शिल्लकही पडेल. जुलैमध्ये ८५ हजार. हप्ता जाऊन ३० हजार. निभतं, पण शिल्लक नाही. आणि महिनाभर विमानं बंद राहिली तर फक्त ठरलेले ६० हजार. हप्ता जाऊन ५ हजार. खोलीचं भाडंही निघत नाही.

आता ठरलेला पगार ६० ऐवजी ३० हजार धरा आणि तासाचा दर दीड हजार करा. चांगल्या महिन्यात १ लाख २७ हजार ५००, म्हणजे आधीपेक्षा जास्त. कागदावर ही ऑफर भारी दिसते. पण जुलैमध्ये ६७ हजार ५००, आणि बंद महिन्यात ३० हजार. हप्त्याला २५ हजार घरून आणावे लागतात. दोन ऑफर, चांगल्या महिन्यात जवळजवळ सारख्या. वाईट महिन्यात एक जगवते, दुसरी बुडवते.

म्हणून मी मामाला एवढंच सांगितलं, 'मामा, चांगल्या महिन्यावर कर्ज काढू नका. बंद महिन्यावर काढा. बंद महिन्यात हप्ता जात असेल तर पुढं जा. नसेल तर आधी कर्जाची रक्कम कमी करायची वाट शोधा.' वाटा आहेत. स्कॉलरशिप, सरकारी मदतीच्या योजना, हप्ता १० ऐवजी १५ वर्षांचा करणं. १५ वर्षांचा केला तर तोच हप्ता ४५ हजारांवर येतो, एकूण व्याज मात्र वाढतं.

पोराला वेगळं सांगितलं. 'तुला शिकवायला आवडतं का, ते आधी बघ. धाकट्या बहिणीला गणित शिकवताना दहा मिनिटांत चिडतोस. तिथं चिडून चालत नाही, शेजारच्याच्या हातात विमान असतं.' हसला. पण मुद्दा चेष्टेचा नाही. नुसता वेळ काढायला आलेला इन्स्ट्रक्टर विद्यार्थ्याला लगेच कळतो.

पुढं काय दिसतंय?

महाराष्ट्रात ट्रेनिंग वाढतंय एवढं नक्की. गोंदियाला बिरसीच्या धावपट्टीवर मोठं स्कूल आहे. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणानं देशात ५ ठिकाणी ९ स्कूलना जागा दिल्या, त्यात आपलं जळगाव आणि शेजारचं बेळगाव होतं. अमरावतीला बेलोरा विमानतळावर स्वतःचं स्कूल उभारायचं एअर इंडियानं २०२४ मध्ये जाहीर केलं, ३४ विमानांचं, वर्षाला १८० पायलट घडवायचं उद्दिष्ट ठेवून. इतक्या विमानांना शिकवणारी माणसं लागणार. त्यामुळे एफआय आणि त्यावरच्या माणसांना मागणी राहणार असं मला वाटतं. नव्या एएफआयबद्दल तेवढ्या खात्रीनं बोलणार नाही, कारण पायलट जितके जास्त घडतात, तितकी पहिल्या पायरीवर रांगही वाढते.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. ठरलेला पगार किती आणि तासाचा दर किती? दोन्ही वेगवेगळे लिहून मागा.

२. किमान तासांची हमी आहे का? म्हणजे विमान उडालं नाही तरी महिन्याला अमुक तासांचे पैसे मिळणार का?

३. तास कसा मोजतात? इंजिन सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत, की चाकं जमिनीवरून उठल्यापासून? विद्यार्थ्याच्या सोलोचं काय? ग्राउंड क्लासचे पैसे वेगळे आहेत का?

४. आज उडण्याजोगी विमानं किती, विद्यार्थी किती, इन्स्ट्रक्टर किती?

५. मागच्या जुलै-ऑगस्टमध्ये एका इन्स्ट्रक्टरला किती तास मिळाले? डिसेंबरचं विचारू नका, ते सगळे आपणहून सांगतात.

६. बाँड आहे का? एअरलाइनचा कॉल आला तर किती दिवसांत सोडतील आणि किती पैसे भरावे लागतील?

७. विमा कोण भरतं? अपघाताचा आणि लायसन्सचा, दोन्ही.

८. पगार कुठल्या तारखेला होतो? तिथं काम करणाऱ्या दोघांना बाजूला घेऊन हाच प्रश्न विचारा.

मामाच्या मुलानं अजून ठरवलेलं नाही. सध्या मेडिकलची तारीख घेतलीय, कारण तिथंच अडलं तर पुढचा खर्च वाचतो. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. तुमच्या घरात हा विषय निघाला असेल तर तुमचे आकडे शीटमध्ये टाका आणि सगळ्यात खालचा महिना घरच्यांना आधी दाखवा. वरचा महिना जाहिरात दाखवतेच.

आजचा भाग इथंच थांबवतो. कुणी इन्स्ट्रक्टर हे वाचत असेल आणि माझा एखादा आकडा तुमच्या अनुभवाशी जुळत नसेल, तर जरूर कळवा, पुढच्या भागात तुमच्या आवाजात ऐकवू. भेटू मग. काळजी घ्या.